खिळेतोंड्याची हिरडी

खिळेतोंड्या हे काही आईबापांनी पाळण्यात ठेवलेलं नाव नव्हे. पण आमच्या गल्लीत दुसऱ्या कुठल्या नावानं त्याला कुणी हाक मारली असती, तर त्यानं मागं वळून बघितलं असतं की नाही याची शंकाच आहे. गडी एका कारखान्यात सोफे आणि खुर्च्या मढवायचा. मढवणाऱ्याला हात दोन आणि काम तीन हातांचं. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळा द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? तर तोंडातून.

मूठभर बारीक खिळे तो एकदम तोंडात टाकायचा. पाखरं दाणे टिपतात तसं नाजूक काही नाही, म्हैस आंबोण ओढते तसं. मग आत जिभेची शेती चालू. जीभ एकेक खिळा निवडायची, डोकं बाहेर आणि टोक आत असा फिरवायची आणि खालच्या ओठावर आणून पुढच्या दातांना टेकवून उभा करायची. हातोडीचं एक टोक चुंबकाचं. ते ओठाशी न्यायचं, खिळा चिकटला की लाकडावर ठक. पुन्हा ओठ, पुन्हा ठक. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस हातोडीचे मुके घेतोय. कापडावरची नजर हलायची नाही, ताण सुटायचा नाही आणि खिळ्यांची रांग अशी सरळ, की मुंगीनं तिच्यावरून चालत जावं आणि तिला वळण म्हणून लागू नये.

असला माणूस बोलणार कधी? लोक मूग गिळून गप्प बसतात, हा खिळे धरून बसायचा. त्याची सगळी भाषा म्हणजे एक ‘हं’ आणि एक भुवई. ‘हं’ म्हणजे हो. भुवई वर गेली की नाही.

त्याची कसर बायको भरून काढायची. ती त्याच कारखान्यात, त्याच खोलीत, खिडकीकडच्या शिलाई मशीनवर खोळी शिवायची. मशीन आणि तोंड दोन्ही एकाच पायानं चालवते, असं लोक म्हणत. दोरा कात्रीनं तोडणं तिला माहीत नव्हतं, दातानं कट्ट करून तोडायची आणि बोलणं पुढं चालू. नवऱ्याचं म्हणणंही तीच मांडायची आणि खोडायचीही तीच. “आता हे म्हणतील, पावसाआधी छत बघायला पाहिजे. पण मी म्हणते, मागच्या वर्षी कुठं गळलं?” खिळेतोंड्या ठक, ठक. “बघा, पटलं त्यांना.”

एकदा त्याला शिंक आली आणि एक खिळा पोटात गेला. तेव्हा कारखान्याचे थोरले मालक हयात होते. सगळे घाबरले. बायकोनं डझनभर केळी चारली आणि पोराला बसवावं तसं नवऱ्याला पत्र्याच्या डब्यावर बसवलं. थोरले मालक दारातून ओरडले, “सापडला तर धुऊन परत कर रे! कारखान्याचा माल आहे.” सापडला. त्यानं तो खरंच धुऊन परत केला. थोरल्या मालकांनी तो कुठल्या खुर्चीला ठोकला हे त्यांनाच ठाऊक. ते गेले तेव्हा खिळेतोंड्या रडला नाही. त्यांच्या बैठकीच्या खुर्चीचं कातडं तेवढं नवं करून दिलं, कुणी न सांगता.

तर अशा माणसाचं दुखणं सुरू व्हायचं तिथंच सुरू झालं. आधी गार पाण्याचा घोट घेतला की तो एक डोळा मिटायला लागला. मग भाकरतुकडा पुढच्या दातांनी तोडेना, बाजूनं चावायला लागला. बायकोच्या नजरेतून काय सुटतं?

“अहो, इकडं बघा. दात वाढायला लागलेत का तुमचे? या वयात?”

दात वाढत नव्हते, हिरडी खाली सरकत होती. खुर्चीच्या हातावरचं कापड कोपर घासून घासून विरतं आणि आतलं लाकूड उघडं पडतं, तसं खालच्या पुढच्या दोन दातांचं झालं होतं. जन्मभर जिथं खिळे टेकले, नेमकी तीच जागा. वर पांढरा दात, खाली पिवळट मूळ. त्याला ते माहीत होतं. सोफेवाल्याला झीज ओळखता येत नाही असं कसं होईल? पण दुसऱ्याची खुर्ची वेगळी आणि आपलं तोंड वेगळं.

मग एक दिवस हातोडी ओठाशी गेली आणि रिकामी परत आली. जिभेनं खिळा उभा केला होता, पण ज्या दाताला टेकवला तो दातच जरासा मागं झुकला. खिळा आडवा पडला. त्यानं पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. जेवायला दात नसले तर माणूस शिजवून, कुस्करून खातो. खिळे कुस्करून मारता येत नाहीत.

आणि वेळही कशी निवडली होती त्या दातानं! धाकटे मालक, म्हणजे थोरल्यांचा मुलगा, त्याच आठवड्यात त्याच्या बाकापाशी येऊन बसले होते. कारखान्यात पलीकडच्या बाजूला आता हवेवर चालणारी गन आली होती. फट्‌ फट्‌ करत ती पिना ठोकायची. गनवाला दिवसात चार सोफे उरकायचा आणि वर शीळ घालायचा.

“काका,” धाकटे मालक म्हणाले, “जुन्या सभागृहाच्या खुर्च्या आल्यात. बाबांनी आणि तुम्ही मढवलेल्या. कातडं नवं घालायचंय आणि कडेनं पितळी मुलाम्याचे खिळे, एकाला एक लावून. त्यांना हातकामच पाहिजे. हे नीट झालं तर आतले कोचही आपल्याचकडं येतील, मग वर्षा-दोन वर्षांचं हातकाम झालं. तुमचं बाक राहतं.”

“हं.”

“नाही जमलं, तर मी गन लावीन आणि वरून पट्टी. काय करणार? सभागृह उघडायची तारीख ठरलीय. आणि मग या कोपऱ्यात दुसरा कॉम्प्रेसर ठेवीन म्हणतो.”

पट्टी म्हणजे पत्र्याची फीत, तिच्यावर खिळ्यांची नुसती डोकी उठवलेली. लांबून बघणाऱ्याला खिळेच वाटतात. खिळेतोंड्यानं ती पट्टी एकदा हातात घेऊन पाहिली होती आणि मेलेलं झुरळ टाकावं तशी टाकली होती.

म्हणून तो दाताच्या डॉक्टरकडं गेला. बाकासाठी गेला, दातांसाठी नाही. हे एवढं ध्यानात ठेवायचं, कारण डॉक्टरीणबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बायको बरोबर होतीच. डॉक्टरीणबाई तरुण, शांत, हात हलका. त्यांनी दिवा ओढला, आरसा आत घातला, बराच वेळ बघत बसल्या.

“तंबाखू?”

“नाही हो,” बायको म्हणाली, “तंबाखू असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. हे खिळे खातात.”

“काय खातात?”

मग सगळं सांगावं लागलं. खिळेतोंड्यानं बायकोकडं असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर गप्प झाली असती.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गेलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही. टाळूवरून नखाएवढा पातळ तुकडा काढायचा आणि तो पुढं, उघड्या पडलेल्या मुळांवर बसवून शिवायचा. गुलाबाला कलम बांधतात, तसंच. तुकडा जगला, खालून त्याला रक्त मिळायला लागलं, की तो तिथलाच होतो. मग दात हलायचा थांबतो म्हणत नाही, पण आणखी बिघडत नाही.

खिळेतोंड्या एकदम उठून बसला. असा खूश झालेला तो बायकोनं कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्यानं हातानं खुर्चीची पाठ दाखवली, मग पुढचा हात दाखवला आणि चक्क बोलला, “म्हणजे मागचं काढून पुढं लावायचं!”

हे तर त्याचंच काम. सोफ्याचा हात फाटला आणि त्या नक्षीचं कापड बाजारात मिळेना, की सोफा उलटा करायचा, पाठीमागं भिंतीकडं असतं तिथलं कापड कापायचं आणि पुढं जोडायचं. मागं कसलाही तुकडा लावला तरी कोण बघतंय?

“तसंच समजा,” डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी तसं म्हणायला नको होतं. “पण काका, यानंतर तोंडात खिळा नाही. कधीच नाही. नाहीतर मी शिवायचं आणि तुम्ही उसवायचं.”

“हं.”

“मॅडम, हा ‘हं’ धरू नका,” बायको म्हणाली. “याचा अर्थ ऐकलं एवढाच. मानलं असा नाही.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यानं नवा सदरा घातला. भुलीच्या सुया टोचल्या तेवढ्या बोचल्या. टाळूवरची जास्त, डोळ्यांत पाणी आणणारी. मग ओठ कुणा परक्याचा असावा तसा लोंबायला लागला. पुढं दुखलं काही नाही. खरवडल्याचा आवाज डोक्याच्या हाडातून ऐकू येत होता आणि तोंडात रक्ताची लोखंडी चव. ती चव त्याला नवी नव्हती. टाळूवरून तुकडा निघाला तो त्यानं डोळे फिरवून पाहिला. चिमट्यात धरलेला, फिकट, ओला. एवढुसा. मग टाके पडायला लागले. दुखत नसलं तरी ओढ कळते. प्रत्येक ओढीबरोबर खिळेतोंड्या मनात पावती देत होता. बरा आहे. हाही बरा. हा सैल. गाठ चांगली, पण शेपूट लांब सोडलं.

शेवटी टाळूच्या जखमेवर प्लास्टिकची पातळ पट्टी बसवली आणि डॉक्टरीणबाईंनी बायकोला पुढं घेऊन सगळं सांगितलं. बाहेरून गालाला बर्फ लावायचा, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. खाणं गार, मऊ, पातळ. तिखट नाही, गरम नाही, कुरकुरीत नाही. नळीनं ओढून प्यायचं नाही, जोरात थुंकायचं नाही, त्यानं रक्ताची गुठळी सुटते. त्या जागी ब्रश नाही, सांगितलेल्या औषधानं नुसतं तोंड भरायचं आणि सोडायचं. उशी उंच. थोडं रक्त येईल, लाळेत मिसळून ते खूप दिसतं, घाबरायचं नाही. सूज आधी वाढेल, मग उतरेल. तुकडा पांढरा दिसेल, ते मेलेलं नसतं.

“आणि ओठ खाली ओढून बघायचं नाही. अजिबात नाही. तो तुकडा हलला की मेला. काही वेगळं वाटलं तर मला फोन करा, टाक्यांना तुम्ही हात लावू नका.”

बायकोनं ते सगळं पाठ केलं आणि घरी येताच सासूच्या आवाजात म्हणायला लागली. इतकी वर्षं तिनं सांगितलेलं ठकठकीत विरून जायचं. आता नवरा समोर, तोंड बंद आणि कारखाना लांब. तिनं आरसा भिंतीकडं तोंड करून टांगला.

भूल उतरली तेव्हा हिरडी फार दुखली नाही. दुखलं ते टाळूत. कढत काहीतरी गिळताना टाळू भाजून सालपट निघावं आणि वरून कुणी मीठ चोळत बसावं, तसं. ज्याच्यासाठी कापलं ते गप्प आणि जिथून कापलं तिथं बोंब. सकाळी उशीच्या अभ्र्यावर तांबडे डाग पडले होते. बायकोनं ते पाहिले, काही बोलली नाही, अभ्रा गार पाण्यात टाकला. ती बोलली नाही म्हणजे घाबरली होती.

मग सूज आली. हनुवटी आणि खालचा ओठ असे फुगले, की नवशिक्यानं जास्त कापूस कोंबलेली उशीच. गनवाला भेटायला आला. चांगला माणूस, फक्त शीळ घालायचा.

“काकू, काका बोलत नाहीत म्हणे?”

“आधी कधी बोलत होते?”

“तेही आहे. मग नेमकं बदललं काय?”

“आता ठकठक ऐकू येत नाही,” बायको म्हणाली आणि उगीचच दूध हलवायला आत गेली.

कुस्करलेलं केळं, उकडून गार केलेला बटाटा, दूध. पुन्हा केळं. खिळेतोंड्या कॉटवर भिंतीला टेकून बसायचा आणि समोरच्या खुर्चीकडं बघायचा. घरातली खुर्ची, त्याचीच, कधी नीट मढवायला वेळ न झालेली. हात मांडीवर पडलेले असायचे. पण खरी अडचण हातांची नव्हती, जिभेची होती. माणसाचे हात बांधून ठेवता येतात. त्याची जीभ जन्मभर अंधारात एकटी काम करत आलेली. तिला रिकामं बसणं शिकवलं कुणी? ती टाळूच्या पट्टीच्या कडेला जायची, परत यायची, दातांच्या मागून खाली उतरायची आणि वरून वळून दोऱ्याच्या शेपटाला हळूच शिवायची. तो तिला मागं ओढायचा. जरा डोळा लागला की ती पुन्हा तिथं. डोळ्यांनी न बघता तिनं सगळे टाके मोजून ठेवले होते आणि एक टाका तिला आवडला नव्हता.

सूज उतरायला लागली तसा तो टाका जास्तच खटकायला लागला.

दुपारची वेळ होती. खोळींचं काम तुंबलं म्हणून बायको कारखान्यात गेली होती. जाताना कडी लावून, परत उघडून, “ओठाला हात लावाल तर बघा,” असं सांगून गेली. तिची पाठ वळल्यावर खिळेतोंड्या उठला. आरशाला त्यानं हात लावला नाही, तेवढं बायकोचं ऐकलं. स्टीलचा मोठा चमचा घेतला, सदऱ्याला घासून चकचकीत केला, खिडकीत उभा राहिला आणि ओठ खाली ओढला.

चमच्यात तोंड उलटं-सुलटं, लांबट दिसत होतं. पण दिसायचं ते दिसलं. दोन दातांखाली पांढरट, शेवाळल्यासारखा तुकडा. त्यावर काळे दोरे. आणि मधला एक दोरा कापडावरून उचललेला. खाली फट.

आता हे नीट समजून घ्या, कारण तो मूर्ख नव्हता. गादी नवी शिवली की टाके घट्ट असतात. माणसं बसायला लागली, आतला काथ्या दबला, की तेच टाके सैल पडतात. चांगला कारागीर थोड्या दिवसांनी परत बोलावतो, सैल झालेले टाके ओढून घेतो, वर एक गाठ मारतो. मग ती गादी पुढं वर्षानुवर्षं हलत नाही. जो ओढून घेत नाही त्याचं कापड सरकतं आणि फाटतं. हे त्याला थोरल्या मालकांनी शिकवलं होतं, पाठीत गुद्दा घालून. तुकडा हलला की मेला, असं खुद्द डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग हलू नये म्हणून करायचं काय? फोन करायचा? फोनवर जाऊन तो बोलणार काय? हं?

त्यानं बायकोचा दोरे काढायचा बारीक चिमटा कढत पाण्यातून काढला. हात साबणानं धुतले. काम करायचं तर स्वच्छ करायचं. चमचा खिडकीच्या गजात अडकवला, ओठ डाव्या हाताच्या बोटानं ओढला, उजव्या हातात चिमटा. मागून जीभ मदतीला होतीच. शेपूट धरलं, हळूच ओढलं. दोरा सरकला, फट मिटली. आणखी थोडा ओढला. आत काहीतरी चरचरलं, डोळ्यांपुढं जरा पिवळं झालं. शेपटाला शेपूट गुंडाळून त्यानं वर एक गाठ बसवली. रक्ताचा एक थेंब आला तो चोळामोळा केलेल्या फडक्यानं टिपला.

मग चमच्यात पाहिलं. टाका कसा बसला होता! त्याचा स्वतःचा.

कितीतरी दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. संध्याकाळी बायकोनं बटाटा पुढं केला तर त्यानं आणखी मागितला.

“आज बरं दिसताय,” ती म्हणाली.

“हं.”

नंतरचे दिवस मी भराभर सांगतो, तेही तसेच गेले. तुकडा गुलाबी व्हायचा तो आधी मळकट झाला, मग करडा. कडा उचलायला लागली. त्याला जिभेनं कळत होतं, पण ताकास तूर लागू देईना. मग बायकोला वास आला.

“अहो, तोंड उघडा.”

भुवई वर.

“उघडा म्हणते ना!”

तिनं पाहिलं आणि त्याच पावली पायात चप्पल घातली. त्याला हाताला धरून नेलं, लहान मूल न्यावं तसं, भर गल्लीतून.

डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला. या वेळी आरसा एकाच टाक्यापाशी थांबला.

“हा टाका मी असा घातला नव्हता,” त्या म्हणाल्या. “काका, हात लावलात?”

त्याची भुवई वर गेली. बायकोनं त्या भुवईकडं पाहिलं आणि खाली बघितलं.

“सूज उतरली की टाके सैल दिसणारच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. “ते सैलच असावे लागतात. खाली तुकड्यात बारीक बारीक रक्तवाहिन्या शिरत असतात. त्यांना जागा लागते. ताण दिला की त्यांचा गळा आवळला जातो. हे कापड नाही हो, काका.”

त्यांनी टाके कापले. चिमट्याबरोबर तुकडाही निघून आला, भिजलेल्या कागदासारखा. एका कडेला तेवढी रेघभर हिरडी चिकटून राहिली. तिकडचा दात वाचेल म्हणाल्या. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही, बहुतेक काढावा लागेल. टाळूच्या दुसऱ्या बाजूनं पुन्हा तुकडा घेता येईल. पण आधी सगळं भरून यायला हवं. काही महिने थांबायला लागेल.

काही महिने. सभागृहाच्या खुर्च्या गोण्यांत गुंडाळून त्याच्या बाकाशेजारी उभ्या होत्या.

तो दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. धाकटे मालक म्हणाले, “काका, कसं काय?” त्यानं ओठ खाली ओढून दाखवला. धाकट्या मालकांनी मान फिरवली.

पितळी खिळे त्यानं तोंडात टाकले नाहीत. डॉक्टरीणबाईंना दिलेला शब्द म्हणून नाही. टाकायला जागाच नव्हती, दोन दातांमधला एक तर जिभेच्या धक्क्यानंही डुलत होता. कमरेला डबी बांधली. कातडं ताणलं, डबीत हात घातला. बोटांना खिळ्याचं डोकं सापडेना, टोकंच टोचत होती. खिळा सापडेस्तोवर कातड्याचा ताण सुटला. पुन्हा ताणलं. खिळा लागला तो जरा तिरका. काढला, पुन्हा लावला. मधेच उजवा हात सवयीनं ओठाकडं जायचा आणि तिथं काही नसायचं. तो हात तसाच हवेत थांबायचा, दारावर टकटक करून आत कुणी नाही हे कळलेल्या माणसासारखा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका खुर्चीची एक बाजूही झाली नव्हती. गनवाल्यानं सकाळभर शीळ घातली नाही. तेवढ्यावरून खिळेतोंड्याला कळायचं ते कळलं.

संध्याकाळी धाकटे मालक बाकापाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

“काका, उसवायचं काम तुमच्याइतकं नीट कुणी करत नाही. जुनं कातडं तुम्ही उतरवून द्या. पुढचं आम्ही बघतो.”

“हं,” तो म्हणाला.

त्याचं बाक दाराशी नेलं. कोपऱ्यात दुसरा कॉम्प्रेसर आला. खिळेतोंड्या जमिनीवर पोतं टाकून बसला, पुढ्यात एकेक खुर्ची आणि हातात पक्कड. जुनं कातडं कुजलं होतं, लाकूडही कुठंकुठं वाळवीनं खाल्लेलं, पण खिळे जागचे हलत नव्हते. त्यानंच तरुणपणी मारलेले, एकाला एक लावून. थोरले मालक शेजारी उभे असायचे तेव्हा. पक्कड घसरायची. दोन्ही पायांत खुर्ची दाबून धरून, मान आखडून तो एकेक उपटायचा आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा. टण. मग बराच वेळ काही नाही. मग टण. उसवलेली खुर्ची पलीकडं जायची, फट्‌ फट्‌ व्हायचं आणि पट्टी लागून बाहेर पडायची. लांबून खिळेच वाटत होते.

तो दात मग काढलाच. खालचा ओठ तिथं थोडा आत गेला. पुन्हा तुकडा बसवायचं डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा भुवई वर गेली. बाक गेल्यावर हिरडी कशाला?

एका दुपारी वीज गेली. दोन्ही कॉम्प्रेसर बंद पडले, गनवाला चहाला बाहेर गेला. कारखान्यात अशी शांतता कधी नसते. बायकोनं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं आणि त्याच्याकडं वळली.

“एक विचारू? जन्मभर मी लोकांना सांगत आले, यांच्या तोंडात खिळे असतात म्हणून हे बोलत नाहीत. आता तर काही नाही ना तोंडात? मोकळं आहे ना?”

त्यानं पक्कड खिळ्याला लावली.

“मग बोला की. काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.”

त्यानं खिळा उपटला. डब्यात टाकला नाही, बोटांत फिरवत बसला. डोकं बाहेर, टोक आत. ओठ हलले. दात पडलेल्या जागेतून हवा निसटली.

“सैल होता,” तो म्हणाला.

“काय?”

“टाका. सैलच होता तो.”

बायको बघत राहिली. चाकावरचा हात तसाच. बाहेरून गनवाल्याचं कुणाशी तरी हसणं ऐकू आलं आणि थांबलं. मग तिनं मांडीवरची अर्धी शिवलेली खोळ जवळ ओढली, लोंबणारा दोरा दातांखाली धरला, कट्ट करून तोडला आणि मशीनवर वाकली.

त्यानं खिळा डब्यात टाकला आणि पुढच्याला पक्कड लावली.